गांजा ओढला त्या रात्री गोळी द्यायची की नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. धाकटा भाऊ २४ वर्षांचा. कॉलेजात असताना गांजा लागला, जोडीला रोज एक बंडल बिड्या. दीड वर्षापूर्वी 'शेजारचे माझ्याबद्दलच बोलतात, मोबाइलमधून माझ्यावर नजर ठेवतात' असं सुरू झालं, मग कानात आवाज यायला लागले. मानसोपचारतज्ज्ञांनी ओलँझापिन ही भासांवरची गोळी सुरू केली, वाढवत १५ मिलिग्रॅमपर्यंत नेली. झोप लागली, आवाज बरेच कमी झाले, पण गांजा सुटला नाही. तो ओढून घरी यायचा त्या रात्री आई गोळी देत नसत, कारण नशेवर गोळी पडली तर पोराचं बरंवाईट होईल ही धास्ती. आठवड्यातले चारेक दिवस असेच जायचे. पुढे तुम्ही त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलंत. तिथे दुसऱ्या आठवड्यात तो दिवसभर झोपून राहायला लागला, लाळ गळायला लागली, चालताना झोक जायला लागला. केंद्राने गोळी बंद केली. घरी आल्यावर पुन्हा बिडी, पुन्हा गांजा, आणि तिसऱ्या आठवड्यात आवाज परत. आता नवे डॉक्टर म्हणतात, आधी व्यसन सोडवा, मग गोळ्यांचं बघू. तुमचा प्रश्न असा की आधी काय, आणि नशेवर गोळी दिली तर जिवाला धोका आहे का.

माझं मत आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय तसं असेल, म्हणजे नशा गांजाचीच असेल, तर भावाला दोन्ही उपचार एकाच वेळी मिळायला हवेत आणि गांजा सुटेपर्यंत भासांवरची गोळी अडवून ठेवू नये. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे कुठली गोळी, किती मात्रा हे त्याला बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि हे उत्तर नशेप्रमाणे बदलतं. गांजाला जे लागू होतं ते दारूला होत नाही, दारूचं ते ब्राउन शुगरला नाही. माझ्या ओपीडीत 'पेशंट नशा करतो' एवढंच लिहिलेला केस पेपर आला की मी पहिला अर्धा तास 'कोणती, किती, शेवटची केव्हा' हे विचारण्यातच घालवतो. २३ वर्षांत तो अर्धा तास कधी वाया गेलेला नाही.

तुमच्या घरात आणि दवाखान्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी बोलली गेली, ती म्हणजे 'तू नशा सोडलीस तर गोळी'. आईंनी ती मायेपोटी म्हटली, डॉक्टरांनी कदाचित खबरदारी म्हणून. पण ज्याच्या कानात दिवसभर आवाज आहेत, ज्याला शेजारी मारायला टपलेत असं वाटतं, त्याच्याकडून समुपदेशनाला बसण्याची, मित्रांना नाही म्हणण्याची अपेक्षा आपण कशी करणार? मन थोडं थाऱ्यावर आलं तर तो व्यसनाबद्दल बोलू तरी शकेल. गोळीने गांजाची ओढ जात नाही हेही खरं. ती भास आणि संशय कमी करते, व्यसनाचं काम वेगळं करावं लागतं. म्हणून दोन्ही एकदम.

आईंच्या भीतीबद्दल. गांजा आणि ओलँझापिन एकत्र झाले तर गुंगी जास्त येते, एकदम उठून उभं राहिलं तर चक्कर येऊ शकते, छातीत धडधड वाढू शकते. एरवी धडधाकट असलेल्या तरुण मुलात यातून जिवावर बेतण्याची शक्यता फार कमी. उलट गोळी चुकवण्याचं नुकसान रोजचं आहे. ओलँझापिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण ३० तास लागतात, त्यामुळे एखादी रात्र चुकली तर फार बिघडत नाही. आठवड्यातल्या चार रात्री चुकल्या की रक्तातली पातळी कधी टिकतच नाही. आणि त्या चार रात्री कोणत्या? ज्या रात्री गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य मेंदूला सर्वांत जास्त ढवळून काढत असतं, नेमक्या त्याच. फक्त तो हाक मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, किंवा दारू अथवा झोपेच्या गोळ्याही घेतल्या असतील अशी शंका असेल, तर त्या रात्री तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात न्या.

आता केंद्रात जे घडलं त्याकडे येतो, कारण मला तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटली. तुम्ही सहज लिहून गेलात की 'तिथे बिडीलाही बंदी होती'.

बिडी-सिगारेटच्या धुरात असे घटक असतात की ते यकृतातल्या एका एन्झाइमचं काम वाढवतात. तेच एन्झाइम ओलँझापिन आणि क्लोझापिन ही भासांवरची औषधं शरीराबाहेर काढतं. म्हणजे रोज बंडलभर बिड्या ओढणाऱ्याच्या शरीरात ही औषधं भराभर संपतात, आणि डॉक्टर परिणाम दिसेना म्हणून मात्रा वाढवत नेतात. गांजाच्या धुरातही असेच घटक असतात. मग एक दिवस माणूस केंद्रात जातो, बिडी बंद, चिलीम बंद. आठवड्याभरात एन्झाइम मंदावतं, गोळी मात्र तीच राहते, आणि रक्तातली पातळी चढत जाते. झोप, लाळ, झोक जाणं. तुमच्या भावाचं असंच झालं असावं असा माझा दाट संशय आहे. खात्रीने म्हणत नाही, कारण केंद्रात त्याला आणखी कोणती झोपेची औषधं दिली होती ते तुम्हालाही माहीत नाही, आणि क्लोझापिनच्या मानाने ओलँझापिनमध्ये हा फरक कमी असतो. पण तसं असेल तर तेव्हा मात्रा कमी करायला हवी होती. गोळी पूर्ण बंद करायचं कारण नव्हतं.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण अंगात मुरलं ते एका रुग्णामुळे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतो. रिक्षा चालवणारा, चाळिशीचा माणूस, क्लोझापिनवर पाच वर्षं छान स्थिर होता. दिवसाला दोन बंडलं बिड्या. मांडीचं हाड मोडलं आणि अस्थिरोगाच्या वॉर्डात पडून राहिला. वॉर्डात बिडी ओढायला मिळेना. बायको रोज न चुकता गोळ्या द्यायची, अगदी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे. दहाव्या दिवशी तिचा मला फोन आला, 'साहेब, उशी ओलीचिंब होते लाळेनं, आणि बोलता बोलता झोपतात.' मी 'वेदनाशामक इंजेक्शनांमुळे असेल' म्हणालो आणि दोन दिवसांनी बघायला येतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. क्लोझापिनची पातळी चढली की फिट येऊ शकते, हे मला माहीत होतं. बिडीचं मी विचारलं नव्हतं. तो वाचला, मात्रा कमी केली, आज पुन्हा रिक्षा चालवतो. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात रोजच्या बिड्यांचा आकडा लिहिलेला असतो, आणि नातेवाइकांना मी सांगतो की बिडी एकदम सुटली किंवा पुन्हा सुरू झाली तर मला कळवायला थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

यात आपल्याकडचा एक बारकावा आहे. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूतल्या निकोटिनचा नाही. म्हणून चुना लावून तंबाखू मळणारा, गुटखा खाणारा, मशेरी लावणारी बाई, यांच्या औषधाच्या पातळीत तसा फरक पडत नाही. केंद्रात निकोटिनची गम किंवा पट्टी दिली तरी पातळी चढायची ती चढतेच. 'पेशंट तंबाखू घेतो' असं मोघम लिहिलेल्या नोंदीचा म्हणूनच उपयोग होत नाही. ओढतो की चघळतो, ते लिहायला हवं. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल, अमिसुलप्राइड या भासांवरच्या औषधांवर धुराचा असा परिणाम होत नाही. जो माणूस वर्षातून दोनदा केंद्रात जातो आणि दोनदा बिडीकडे परततो, त्याच्यासाठी औषध निवडताना मी हा मुद्दा नक्की धरतो.

निदानाबद्दल तुम्ही विचारलंय, 'हा गांजाचा परिणाम की स्किझोफ्रेनिया?' शास्त्रात त्याची कसोटी अशी की नशा पूर्ण थांबल्यावर भास ओसरू लागतात का. साधारण महिनाभर नशेशिवाय गेला आणि तरी आवाज तसेच राहिले, तर मूळ आजार स्वतंत्र असण्याची शक्यता वाढते. अडचण एवढीच की तो स्वच्छ महिना बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. मग मी मागे जाऊन विचारतो. गांजाच्या आधीच मुलगा एकलकोंडा होत गेला होता का, अंघोळ टाळायचा का, अभ्यासातून मन उडालं होतं का? घराण्यात कुणाला असा आजार होता का? एखाद्या गावी, लग्नात, आजारपणात गांजा न मिळता पंधरा दिवस गेले तेव्हा आवाज होते का? आणि ज्यांना पहिल्यांदा 'गांजामुळे आलेला मनोविकार' असं निदान मिळतं, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया दिसतो, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर आढळलेलं आहे. म्हणून 'गांजाचंच आहे, उतरलं की जाईल' म्हणून सोडून देण्याची माझी तयारी नसते. भास आहेत तोवर उपचार द्यायचे, नाव नंतर ठरलं तरी चालेल.

गोळी किती दिवस, हेही त्यावरच अवलंबून. भास लवकर गेले, नशा खरोखर सुटली, मागे काही नव्हतं, तर काही महिन्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून बघता येतं. तुमच्या भावाचं मात्र दीड वर्ष चाललंय आणि गोळी थांबल्यावर आवाज परतले. नशा त्याच वेळी सुरू झाली म्हणून नेमकं कारण सांगता येत नाही, पण मी असतो तर आवाज थांबल्यानंतरही किमान दोनेक वर्षं औषध चालू ठेवण्याच्या हिशोबाने चाललो असतो.

दारूचं वेगळं सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे सर्वांत मोठी चूक तिथे होते. रोज पिणारा माणूस अचानक थांबतो. आजारपण, यात्रा, पोलीस कोठडी, किंवा घरच्यांनी खोलीत कोंडलं म्हणून. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप नाही, अंथरुणावरचे किडे झटकत बसतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. लोकांना वाटतं वेड लागलं किंवा बाहेरचं काही झालं. ही दारू तोडल्याची अवस्था आहे आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. इथे पहिलं औषध लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही गुंगी आणून शांत करणारी औषधं, आणि थायमिन म्हणजे ब १ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. भासांवरची गोळी एकटीच दिली तर फिट येण्याचा धोका वाढतो. फार आरडाओरडा असेल तर हॅलोपेरिडॉलसारखं भासांवरचं औषध जोडीला थोडं देतात, पण मुख्य उपचार ते नव्हे. याउलट काही दारुड्या रुग्णांना पूर्ण शुद्धीत असताना शिव्या देणारे आवाज ऐकू येतात, त्यांना मात्र आमच्या गोळीचा फायदा होतो. म्हणून मी आधी दिवस, वार, जागा विचारतो आणि नाडी बघतो, मग पेन उचलतो.

हे वाचणारे तरुण वैद्यकीय अधिकारी असतील तर त्यांच्यासाठी: पिऊन आलेल्या रुग्णाला ओलँझापिनचं इंजेक्शन आणि लोराझेपामचं इंजेक्शन एकाच वेळी देऊ नका, श्वास मंदावू शकतो. ब्राउन शुगर किंवा गर्दसारख्या अफूजन्य नशेवरही गुंगी आणणारी औषधं तशीच जपून द्यावी लागतात. रस्त्यावर 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचंही तेच. एमडी, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक नशेचा रुग्ण तीन-तीन दिवस जागा असतो, संशयाने पेटलेला असतो, आणि बऱ्याचदा शांत खोली, पाणी, लोराझेपाम आणि झोप यांनी दोन-चार दिवसांत ओसरतो. सगळ्यांना वर्षभराची चिठ्ठी लागत नाही.

ताई, तुम्ही शेवटी संकोचून विचारलंय की आमटीत गोळी कालवून दिली तर चालेल का, आणि 'न सांगता नशा सोडवणारी' पावडर मागवू का. पहिल्याचं उत्तर असं की अशी वेळ घरांवर का येते ते मला माहीत आहे आणि मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण मुलाला संशयाचाच आजार आहे. 'माझ्या जेवणात काहीतरी घालतात' असं तो म्हणतो, आणि आपण खरंच घालतो. ज्या दिवशी त्याला वाटीच्या तळाशी पांढरा कण दिसेल, त्या दिवशी तो जेवणही सोडेल आणि तुम्हालाही. दुसऱ्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो की ती पावडर आणू नका. तिच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि डायसल्फिरॅम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं औषध, असलं तर नकळत दारू पडल्यावर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. शिवाय डायसल्फिरॅममुळे भास वाढूही शकतात. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, ती भासांवरच्या गोळ्यांसोबत रुग्णाला सांगून देता येतात.

गोळ्या चुकण्यावर एक चांगला मार्ग म्हणजे लांब मुदतीचं इंजेक्शन. फ्लुफेनाझिनचं दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल किंवा पॅलिपेरिडोनचं महिन्यातून एकदा. आधी तेच किंवा त्या जातीचं औषध तोंडाने देऊन सोसतं का ते बघतात. घरातली रोजची 'गोळी घेतलीस का' ही कटकट संपते, आणि गांजाच्या रात्रीचा तुमचा प्रश्नही उरत नाही. ते शिक्षा म्हणून देऊ नये एवढंच माझं म्हणणं. 'ऐकलं नाहीस तर इंजेक्शन' असं घरात एकदा म्हटलं गेलं की तो दंडच वाटायला लागतो.

दुष्परिणामांकडे नशा करणाऱ्या रुग्णात दुप्पट लक्ष द्यावं लागतं. अंग आखडलं, किंवा आतून जीव तळमळतो, पाय एका जागी ठरत नाहीत, असं झालं की तो ती तळमळ शमवायला पुन्हा गांजाकडे किंवा दारूकडे वळतो, आणि आपण म्हणतो, सुधारायचंच नाही याला. म्हणून मी कमी मात्रेने सुरुवात करतो आणि दर भेटीला पायांबद्दल विचारतो. आखडण्यावर जी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी देतात तिची नशाही काही जण करतात, तेव्हा ती मोजून, आईंच्या हातात. ओलँझापिनने भूक आणि वजन वाढतं, साखर चढते. दर तीन महिन्यांनी वजन, पोटाचा घेर, साखर बघून घ्या. ताप, लाकडासारखं कडक अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला तर गोळी थांबवून तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

'आधी व्यसन सोडवा' म्हणून कुणी परत पाठवलं तर तुम्हाला सांगायला एक आधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. दोन्ही एकाच छताखाली बघणारा विभाग शोधा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांचे विभाग आहेत. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. तो स्वतःला किंवा कुणाला इजा करण्याचं बोलत असेल तर या सगळ्यासाठी थांबू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

तोवर एक करू नका. कपाटात उरलेली १५ मिलिग्रॅमची पट्टी काढून आज रात्रीपासून परस्पर सुरू करू नका. गोळी थांबून काही आठवडे झालेत, बिड्यांचं प्रमाण बदललंय, सुरुवात किती मात्रेने करायची ते या आठवड्यातच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जाताना एक साधी वही न्या. तारीख, किती बिड्या, गांजा किती वेळा, दारू घेतली का, गोळी घेतली का, झोप किती तास, एवढेच रकाने. केंद्रातून दिलेल्या औषधांची यादी मागून घ्या, ती देणं त्यांचं काम आहे.

आणि जमलं तर, तो शांत असताना, आईंना बाजूला ठेवून तुम्ही एकट्याच त्याला विचारा की गांजा ओढल्यावर आवाजांचं काय होतं. रागावून नको, खरंच जाणून घ्यायचंय अशा सुरात. माझे कितीतरी रुग्ण म्हणतात, 'थोडा वेळ लांब जातात, मग जोरात येतात.' तो काय म्हणेल ते त्याच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि डॉक्टरांना ते पान आधी दाखवा.